एक जोड, चार पावलं

३ जून

डिझाइनच्या प्रकल्पाचा विषय मिळाला. खेळाडूच्या आयुष्यावरून सुचलेला बास्केटबॉलचा बूट. दहा आठवडे, आणि शेवटी पायात घालून खरोखर खेळता येईल अशी एक जोड. नुसती संगणकावरची चित्रं चालणार नाहीत, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडेच बघत होत्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वहीत जे येतं तेच माझ्याही वहीत आलं. जर्सीचा नंबर टाचेवर, जन्मतारीख जिभेवर, आईचं नाव इनसोलवर. दहा मिनिटांत पान भरलं. इतक्या पटकन भरलं तेव्हाच कळलं की ते फाडायचं आहे.

५ जून

दिवसभर इतरांनी केलेलं काम बघितलं. बुटावर खेळाडूचं नाव येणं जुनंच आहे. कन्व्हर्सच्या ऑल स्टारवर ज्याची सही असते तो चक टेलर कधीकाळी चालताबोलता माणूस होता, हे निम्म्या लोकांना माहीतही नसतं. १९९५ मध्ये शेरिल स्वूप्सच्या नावाचा बूट आला, तेव्हा पहिल्यांदा बास्केटबॉलच्या बुटाला बाईचं नाव मिळालं. पण नाव आलं म्हणजे आयुष्य आलं असं नाही.

आयुष्यच बुटावर उतरवायचा थेट प्रयत्न म्हणजे २००५ चा एअर जॉर्डन २०. टिंकर हॅटफील्डच्या या डिझाइनमध्ये पावलावरून जाणाऱ्या पट्ट्यावर मायकेल जॉर्डनच्या आयुष्यातली चिन्हं लेझरने कोरली आहेत. बारीक, दाटीवाटीने, माहीत असेल त्यालाच वाचता येतील अशी. बघत बसावंसं वाटतं. तरी मनात आलं की चिन्हं घासून पुसली तर हा बूट पायाला वेगळा लागेल का? नाही लागणार.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं उदाहरण मात्र डोक्यातून जाईना. एप्रिल २०१३ मध्ये त्याच्या टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली. त्यानंतर त्याच्या नावाने आलेल्या कोबी ९ बुटाच्या टाचेमागे लाल टाके आहेत. जखमेचे टाके जिथे, तिथेच बुटाचे. ही सजावटच आहे, पण तिची जागा चुकलेली नाही. वहीत एकच शब्द लिहून ठेवला: जागा.

८ जून

खेळाडू ठरला. यानिस, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळणारा ग्रीक. प्रकल्पातली जोडीदारीण आधी दुसऱ्या कुणासाठी अडून बसली होती, पण माहिती जमवता जमवता तीच यानिसच्या बाजूने बोलायला लागली.

टिपणं: जन्म १९९४, अथेन्स. आईवडील नायजेरियातून आलेले. पोरगा ग्रीसमध्ये जन्मला, वाढला, तरी ग्रीसचं नागरिकत्व मिळालं ते २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. घरची मुलं रस्त्यावर घड्याळं, गॉगल विकायची. त्याच २०१३ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो दिवस) मिलवॉकी बक्स या संघाने पंधराव्या क्रमांकावर घेतलं. २०१९ आणि २०२० असं सलग दोनदा स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक.

बूट काढता येईल असे दोन प्रसंग वेगळे काढले.

पहिला, अमेरिकेतल्या पहिल्या मोसमातला. हातातले सगळे पैसे घरी पाठवून टाकले आणि टॅक्सीला काही उरलंच नाही, म्हणून गडी मैदानाच्या दिशेने धावत सुटला. वाटेत एका जोडप्याने ओळखून गाडीत घेतलं. गोष्ट भारीच आहे, पण तिच्यातून निघेल तो धावण्याचा बूट. आपला खेळ वेगळा.

दुसरा प्रसंग. यानिस आणि त्याचा थोरला भाऊ थानासिस, दोघांत मिळून बुटांची एकच जोड होती. आळीपाळीने घालायचे.

हे वाचल्यावर आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग जोडीदारीण म्हणाली, "मापं सारखी होती का पण त्यांची?"

प्रकल्प तिथून सुरू झाला असं मी धरतो.

९ जून

आज भांडण. तिचा मुद्दा असा की बूट नव्हते म्हणून वाटून घेतले, यात डिझाइन कुठे आहे, ती गरज होती. ती उचलून आपण मिरवणार, फाटक्या शिवणी आणि मुद्दाम मळवलेले रंग लावून "संघर्ष" विकणार, तर तिला यात पडायचं नाही. मी आधी चिडलो. संध्याकाळी कबूल केलं की माझ्या कालच्या रेखाटनात मुद्दाम मळवलेला रंग होता.

दोघांनी मिळून अटी लिहिल्या. जुनाट दिसणारं काहीही नको. चेहरा, नंबर, घोषवाक्य नको. यानिसची स्वतःची बुटांची मालिका २०१९ पासून आहेच (पहिला झूम फ्रीक १, बाजूला नायकीची खूण उलटी), तिची नक्कल नको, कुठल्या कंपनीची खूणही नको. बूट एकाच कामावर जोखायचा: वेगळ्या मापाचे दोन पाय तो सांभाळतो की नाही.

१२ जून

मापं. कॉलेजच्या संघात सख्खे भाऊ आहेत, दोघेही यायला तयार. थोरल्याचं पाऊल २७४ मिमी, धाकट्याचं २६२. चवड्याचा घेर २५१ आणि २४४.

अमेरिकी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिमी. म्हणजे भावांमध्ये जवळजवळ दीड नंबराचं अंतर. दुकानात हे दोघे एकाच डब्यावर हात ठेवणार नाहीत.

बूट अर्थात थोरल्याच्या मापाचा. लहान पाय मोठ्या बुटात जातो, उलटं होत नाही. प्रश्न धाकट्याच्या पायाचा. मला आधी वाटलं होतं की पुढे बोळा कोंबला की झालं. वर्कशॉपचे मामा हसले. म्हणाले, "पुढे कोंबून काय होणार? पाय कुठे मोडतो ते बघ आधी."

बघितलं. धावताना, उडी मारताना पाऊल चवड्याच्या सांध्यापाशी वाकतं. तो सांधा टाचेपासून साधारण बहात्तर टक्के अंतरावर धरला तर थोरल्याचा १९७ मिमीवर, धाकट्याचा १८९ वर. बुटाचा तळ थोरल्याच्या रेषेवर वाकणार, धाकट्याचं पाऊल त्याच्या आठ-नऊ मिमी आधी. प्रत्येक पावलाला बूट आणि पाय यांचं एकमेकांशी जुळत नाही. बोटांपुढची मोकळी जागा डोळ्याला दिसते, पण घात करते ती ही न दिसणारी रेषा.

मग धाकट्याच्या टाचेमागे सहा मिमीची गादी घातली तर? पाऊल सहा मिमी पुढे सरकतं आणि सांधा १९५ च्या आसपास येतो. फरक तीन मिमीच्या आत. जास्तीची बारा मिमी लांबी दोन्हीकडे सहा-सहा वाटली जाते.

कागदावर हे जुळलं तेव्हा दोघंही ओरडलो. मामांनी वर पाहिलं आणि परत कामाला लागले.

१६ जून

वेळेचं लक्ष्य हवं होतं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनुसार टाइम-आउट एक मिनिटाचा. ठरवलं की एका मिनिटात जोड एका भावाच्या पायातून निघून दुसऱ्याच्या पायात बसली पाहिजे, नाड्या बांधून, उडी मारायला तयार. सध्याच्या बाजारातल्या बुटांवर भावांनी करून पाहिलं: एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. त्यातला निम्मा वेळ नाड्यांत गेला.

चटकन घालता-काढता येण्याचे बूट शोधताना मॅथ्यू वॉल्झरचं पत्र वाचनात आलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या शाळकरी मुलाने २०१२ मध्ये नायकीला लिहिलं की कॉलेजात जायचं वय आलं तरी रोज बुटाची नाडी आईवडिलांना बांधावी लागते. त्यातून २०१५ मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या सोल्जर ८ बुटाची फ्लायईज आवृत्ती आली, टाचेभोवती झिप फिरणारी. बुटावर नाव लेब्रॉनचं, पण बुटाची घडण बदलली ती वॉल्झरच्या रोजच्या सकाळीने. आमचा विषय "खेळाडूचं आयुष्य" असा दिलाय. मला वाटतं यापेक्षा नेमका नमुना मिळणार नाही, आणि तो ज्याचा आहे तो मैदानावरचा तारा नाही.

झिप आम्ही घेणार नाही, शिवायला जमणारही नाही. नाडीच ठेवायची, पण भोकांऐवजी सपाट पट्टीच्या फाशांतून. भोकांत नाडी अडते आणि एकेक ओळ ओढत यावं लागतं. फाशांत ती सरकते, एका हिसक्यात सगळं आवळतं.

२१ जून

पॅटर्न. लास्टवर (पायाच्या आकाराचा साचा) मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवली, वर पेन्सिलने अपरच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या रेषा काढल्या, मग ब्लेडने कापून ती टेपची साल सपाट केली. सपाट होताना चवड्यापाशी सुरकुत्या पडतात, तिथे चीर देऊन कागद पसरावा लागतो. तळाला दुमडायला पंधरा मिमी वाढीव. जीभ तीनदा चुकली. दिवसभरात एवढंच झालं.

२७ जून

दोन्ही डावे कापले.

४ जुलै

पहिली जोड तयार. इथे एक हट्ट मी रेटला होता, तो नोंदवून ठेवतो. नुसती टाचेची गादी मला पुरेशी वाटेना, म्हणून प्रत्येक भावासाठी वेगळा आतला मोजा-बूट शिवला: मऊ, घोट्यापर्यंतचा, ज्याच्या त्याच्या मापाचा. बाहेरचं कवच दोघांत एक. आतला ज्याचा त्याचा. माप अचूक बसतं, घामाचा प्रश्नही मिटतो.

भावांना आवडला. वजन एका बुटाचं ५४० ग्रॅम निघालं, ते जड आहे, पण कमी करता येईल म्हटलं.

मॅडमनी बूट हातात घेतला, आतला भाग बाहेर काढला, परत घातला. मग विचारलं, "तुम्ही वाटून घेणं सोडवलंत की संपवलंत?"

मी घामाचं, आरोग्याचं सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "ते बरोबरच आहे. पण हे दोन बूट आहेत, एका डब्यात ठेवलेले."

घरी येईपर्यंत राग होता. आल्यावर वहीतलं ९ जूनचं पान वाचलं. अट आम्हीच लिहिली होती.

७ जुलै

मोजा-बूट रद्द. कापलेलं कापड वाया, नऊ दिवस वाया.

परत टाचेकडे. प्रत्येक भावाला टाचेचा एक कप: घोड्याच्या नालेसारखा, टाच मागून आणि बाजूंनी धरणारा. थोरल्याचा मागे दोन मिमी जाड, धाकट्याचा आठ. फरक तोच सहा मिमीचा, आणि दोघांनाही स्वतःचं काहीतरी, इतकंच. बाकी सगळं दोघांचं, घामासकट.

११ जुलै

कप सरकतो. धावता धावता एकदम बाजूला वळताना धाकट्याचा कप आतल्या बाजूला फिरला आणि घोट्याखाली घासून साल निघाली. हुक-लूप (वेल्क्रो) पट्टी लावून पाहिली. ती धरते, पण ओल्या मोज्याचे धागे तिच्यात अडकतात आणि काढताना मोजाच निघून येतो. धाकटा म्हणाला, "दादा, तू आधी खेळ, मी नंतर बघतो."

१४ जुलै

उपाय मामांचा. कपाच्या खालच्या कडेला जीभ ठेवायची आणि ती इनसोलखालच्या खाचेत सारायची. वरून शरीराचं वजन पडलं की कप आपोआप दाबला जातो, काढताना वर उचलला की सुटतो. पट्टी नाही, चुंबक नाही (चुंबकाची कल्पना माझी होती, तिची चर्चा इथे नको).

१७ जुलै

नाव. बुटावर काही लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण प्रकल्पाच्या फलकावर तर लिहावं लागेल, आणि देवनागरीत यानिसचं आडनाव कसं लिहायचं यावर आम्ही अडलो. वर्तमानपत्रांत त्याचे पाच अवतार सापडले.

मूळ आडनाव योरुबा, आदेतोकुन्बो. अर्थ साधारण "समुद्रापलीकडून परत आलेला मुकुट". ग्रीक लिपीत "द"साठी आणि "ब"साठी सुटं अक्षर नाही, दोन-दोन अक्षरं जोडून ते आवाज काढतात. तेच ग्रीक स्पेलिंग पुढे रोमन लिपीत अक्षराला अक्षर लावून उतरवलं गेलं आणि नावात न, त, म, प अशी गर्दी झाली. माणसाच्या पारपत्रावर जे छापलं ते असं तयार झालं. आपल्याकडे द ला द आहे आणि ब ला ब. आम्ही आदेतोकुन्बो लिहिलं. जोडीदारीण म्हणाली की संपूर्ण प्रकल्पात सगळ्यात कमी कष्टात झालेलं हे काम.

२० जुलै

बरोबर याच तारखेला, २०२१ मध्ये, बक्सने अजिंक्यपद जिंकलं. अंतिम फेरीचा सहावा सामना, फिनिक्स सन्सविरुद्ध १०५–९८. यानिसचे पन्नास गुण, एकोणीसपैकी सतरा फ्री थ्रो आत. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा डावा गुडघा उलटा वाकला होता. त्याआधीचं बक्सचं अजिंक्यपद १९७१ चं. आणि थानासिसही त्या वर्षी त्याच संघात होता.

चित्रफीत "अभ्यासासाठी" लावली. अभ्यास म्हणून एवढंच लिहितो की तो बास्केटकडे जाताना लांब टांगेचं पाऊल तिरकं टाकतो, सगळं वजन क्षणभर तळाच्या बाहेरच्या कडेवर. होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात, तशी चवड्याच्या बाहेरच्या बाजूला तळाची कड आम्ही पसरवली होती. ती आणखी चार मिमी वाढवली. धाकट्याच्या पायाला याची जास्त गरज आहे, कारण त्याच्याभोवती बुटात जागा जास्त.

२५ जुलै

दुसरी जोड. वजन ४२५ ग्रॅम. पहिल्या दहा मिनिटांत सुंदर. अकराव्या मिनिटाला थोरल्याच्या डाव्या बुटाचा आउटसोल (जमिनीला लागणारा तळ) चवड्याच्या बाहेरच्या कडेपासून सुटला, नेमका आम्ही वाढवलेल्या चार मिमीपाशी. तो घसरला, पडला नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संघातल्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि तो गुडघा धरून बाहेर गेला. तिथे तर कारखान्यात बनलेला बूट होता.

कारण शोधलं. मिडसोल (तळाचा मधला थर) तिथे नीट घासलाच नव्हता, कड अरुंद म्हणून मी हलक्या हाताने फिरवला. गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटवण धरत नाही. चूक माझी. परत: घासणं, प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवणीचे दोन हात, तापवणं, दाब. वर कडेला एक ओळ शिवण, जी दिसायला मला नको होती.

३० जुलै

नाडीवर खुणा. गंमत म्हणून नाही, वेळेसाठी. प्रत्येक भावाचा घेर वेगळा, त्यामुळे नाडी किती ओढायची हे दर वेळी अंदाजाने. मग नाडीत दोन जागी रंगीत दोरा ओवला: तांबडा आला की थोरल्याचं माप, निळा आला की धाकट्याचं. खूण फाशापाशी आणायची आणि गाठ मारायची.

वेळ: ७१ सेकंद, ६६, ६३.

बूट पांढरा आहे, तळ गमरबरचा तपकिरी, नागमोडी खाचांचा. त्या सगळ्यात हे दोन दोरे तेवढे रंगाचे. जोडीदारीण ते बघत राहिली आणि म्हणाली, "टाके." कोबीचे. मला ते तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

३ ऑगस्ट

५८ सेकंद. मग ५४. मग ८०, कारण धाकट्याचा कप सापडेना. पिशवीखाली होता.

कप ठेवायला बुटाच्या जिभेवर खिसा शिवायचा का यावर अर्धा दिवस गेला. शिवून पाहिला. जीभ जाड होते, पावलाच्या वरच्या हाडाला लागते. बाकाला अडकवायचा आकडा? आता बाकही आपणच डिझाइन करायचा का? खिसा उसवला.

८ ऑगस्ट

तपासणीआधीचा शेवटचा सराव. दोन्ही भाऊ, पाचाविरुद्ध पाच, चार वेळा अदलाबदल. साठ सेकंदांच्या आत चारही वेळा. धाकट्याच्या टाचेला फोड नाही. थोरल्याची तक्रार एकच, बूट परत येतो तेव्हा गरम आणि ओला असतो. हे टिपून घेतलं, उपाय करणार नाही.

कपाचं उत्तर त्यांनीच काढलं, आम्हाला न विचारता. जो बाहेर बसतो तो आपला कप मुठीत धरून बसतो. चित्रफीत परत बघताना दिसलं की चारही वेळा तसंच आहे. अनवाणी पाय पुढे पसरलेले, नजर मैदानावर, आणि मुठीत ती नाल. तिसऱ्या वेळी धाकटा ती गुडघ्यावर हलकेच आपटतोय.

उद्या: उजव्या बुटाची शिवण एका जागी सुटली आहे, ती घालणे. फलकावर आडनाव पुन्हा तपासणे. नाडीची एक जादा जोड, खुणांसकट.